वाऱ्यावर ढकललेल्या चुका

(आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण. वेळेअभावी राहून गेलेल्या दोन-चार गोष्टी लिहून देताना घातल्या आहेत.)



सूत्रसंचालकांनी माझी ओळख "सॉफ्टवेअर इंजिनिअर, इंग्लंडमध्ये स्थायिक, शिडाच्या होड्यांच्या शर्यतीत भाग घेते" अशी करून दिली, तेव्हा मागच्या रांगेतून कोणीतरी हसलं. कोण हसलं ते मला आवाजावरून कळलं. त्याच्या आजोबांची शिडाची होडी होती, वडिलांची इंजिनाची, आता त्याची स्वतःची आहे. सकाळी चहाच्या वेळी त्याने मला विचारलं, "म्हणजे तू पैसे भरून थंड पाण्यात भिजायला जातेस?"

हो. तसंच आहे ते.

आधी एक गैरसमज दूर करते. आपल्या नौदलातल्या सहा मुली 'तारिणी' घेऊन २०१७ साली गोव्याहून निघाल्या आणि २०१८च्या मे महिन्यात पृथ्वीला प्रदक्षिणा घालून परत आल्या. माझ्या सासूबाई शेजारणींना माझ्याबद्दल सांगतात तेव्हा साधारण तसलं काहीतरी चित्र उभं राहतं. मी जिथे जाते ते तळं या काठावरून हाक मारली तर त्या काठाला ऐकू जाईल एवढं आहे. होडी चार मीटरची, उघडी, इंजिन नाही, खोली नाही. तिला डिंगी म्हणतात. ती उलटते. उलटणं हा अपघात धरलाच जात नाही, रविवारच्या कार्यक्रमाचा तो भागच आहे. पंधरा-वीस होड्या, तासाभराची शर्यत, मग ओले कपडे बदलून चहा आणि केक. बक्षीस म्हणून वर्षाअखेरीला एखादा मग मिळतो. या मगाबद्दल मला पुढे बोलायचं आहे.

खाडीकाठी वाढून मी शिडाच्या होडीत कधी बसले नव्हते. तुम्हा मुलींपैकी कोण बसलं होतं? आपण तरीतून पलीकडे जायचो, तेही काठाला घट्ट धरून. मी शीड हातात धरलं ते अडतिसाव्या वर्षी. मुलगी नऊ वर्षांची होती, तिला क्लबच्या मुलांच्या वर्गात घातलं होतं. मार्च महिन्यात, बोचऱ्या वाऱ्यात, काठावर दोन तास उभं राहायचं आणि दुसऱ्या आयांशी हवेविषयी बोलायचं. तिसऱ्या रविवारी मी मोठ्यांच्या वर्गाचे पैसे भरले. निदान हलल्यामुळे ऊब तरी येईल, एवढाच हेतू होता.

पहिल्या दिवशी शिकवणाऱ्याने फळ्यावर बाणांचा समांतरभुज चौकोन काढला आणि मी थेट आपल्या नववीच्या वर्गात जाऊन बसले. वारा समोरून येत असताना होडी पुढे कशी जाते, याचं उत्तर त्या चौकोनात आहे. शीड ताणून धरलं की ते विमानाच्या पंखासारखं काम करतं. त्याचा जोर बराचसा आडवा आणि थोडासा पुढे असतो. होडीच्या पोटातून खाली पाण्यात एक फळी सोडलेली असते, ती आडवं सरकणं अडवते. उरतो तो थोडासा पुढचा जोर, त्याच्यावर होडी चालते. तरी अगदी वाऱ्याच्या तोंडावर जाता येत नाही. दोन्ही बाजूंना साधारण ४५ अंश सोडून नागमोडी जावं लागतं. प्रत्येक वळणावर होडीचं तोंड वाऱ्यातून फिरवायचं, शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यायचं आणि आपणही उडी मारून दुसऱ्या काठावर बसायचं. भूगोलाच्या बाईंनी खारे वारे आणि मतलई वारे घोकून घेतले होते. बाई, त्यांचा तिथे काही उपयोग झाला नाही. समुद्र फार लांब. तळ्यावरचा वारा झाडांच्या रांगा, एक चर्च आणि एक सुपरमार्केट यांना वळसा घालून येतो आणि मिनिटा-दोन मिनिटांनी दिशा बदलतो.

मी आधी एक जुनी लेझर घेतली. एकट्याने चालवायची होडी. ब्रूस कर्बी नावाच्या कॅनडियन माणसाने १९६९ साली फोनवर बोलता बोलता तिचं पहिलं रेखाटन केलं होतं. आता तिचं अधिकृत नाव आयएलसीए आहे, पण माझ्या वयाची माणसं लेझरच म्हणतात. तिचं जरा लहान शिडाचं रूप म्हणजे रेडियल. चेन्नईची नेत्रा कुमनन त्याच होडीत टोकियो ऑलिम्पिकला उतरली. शिडाच्या होड्यांत ऑलिम्पिकसाठी पात्र ठरलेली ती पहिली भारतीय महिला. होडी तीच, त्यामुळे घरात मी ही गोष्ट जरा जास्त वेळा सांगते.

आता चुका. पहिल्या वर्षातल्या सगळ्या सांगायला गेले तर जेवण थंड होईल. एकच सांगते. शर्यतीची सुरुवात धावण्याच्या शर्यतीसारखी एका जागी उभं राहून होत नाही, कारण होडीला ब्रेक नाही. पाच मिनिटं आधी एक झेंडा वर जातो, चार मिनिटं आधी दुसरा, एक मिनिट राहिलं की तो दुसरा खाली येतो आणि शून्यावर पहिला. तोवर सगळ्या होड्या रेषेमागे घिरट्या घालत असतात. रेषा तरी कसली, एका खांबापासून एका बॉयपर्यंत मनात आखलेली. शून्याच्या क्षणी रेषेवर, पूर्ण वेगात आणि तरी रेषेच्या अलीकडे असायचं. एक फूट जरी पलीकडे असलात तर परत येऊन पुन्हा सुरुवात करायची.

त्या दिवशी मी अशी झकास सुटले की स्वतःवरच खूश झाले. मागे एक भोंगा वाजला, तो दुसऱ्या कोणासाठी असेल असं मी धरलं. पन्नास मिनिटं जीव तोडून होडी हाकली. दुसरी आले. निकालाच्या कागदावर माझ्या नावापुढे ओसीएस अशी तीन अक्षरं. म्हणजे सुरुवातीला रेषेपलीकडे, म्हणजे शर्यत केलीच नाही असं धरायचं. मी पंचांकडे गेले. निवृत्त गृहस्थ, कपात चहाची पिशवी बुडवत होते. मला कोणी सांगितलं का नाही, असं मी विचारलं. ते म्हणाले, निळ्या फुलीचा पांढरा झेंडा वर होता, भोंगा दिला होता, तू मागे वळून पाहिलंस का?

मी पाहिलं नव्हतं. पण घरी येऊन नवऱ्याला काय सांगितलं? "भोंगा नीट ऐकूच आला नाही. वारा होता ना."

त्या रात्री मला गणिताच्या सरांची आठवण झाली. आठवीत सरांनी आपल्याला एक शिस्त लावली होती. गणित चुकलं की खोडायचं नाही. वहीच्या मागच्या पानांवर ते चुकलेलं गणित जसंच्या तसं उतरवायचं आणि चुकलेल्या पायरीसमोर लिहायचं, 'इथे मला काय वाटलं होतं.' बरोबर उत्तर लिहायचंच नाही. आठवतं ना? सगळ्यांना वैताग यायचा. सर, तुम्ही समोर बसला आहात म्हणून आज कबुली देते. सहामाहीनंतर माझ्या वहीची मागची पानं पावसात भिजून गेली असं मी सांगितलं होतं. ती भिजली नव्हती. वडील वही बघणार होते म्हणून मी ती फाडली आणि बंबात घातली. तुम्ही तेव्हा फक्त "बरं" म्हणालात. तुम्हाला कळलं होतं का, हे गेली तीसेक वर्षं मला विचारायचं आहे.

(इथे सरांनी जागेवरूनच मान डोलावली. तिचा अर्थ मला अजून लागलेला नाही.)

तर अशी मी, वयाच्या चाळिशीला टेकताना पुन्हा वही घातली. शर्यतीहून आलं की रात्री अर्धं पान. वर्षभराने ती पहिल्यापासून वाचली आणि हसू आलं. 'वारा फिरला.' 'उशीर झाला.' 'होडी कलली.' 'पुढच्या होडीमुळे वाट अडली.' 'सुरुवात फसली.' मराठीच्या बाई वाक्य फळ्यावर लिहून "कर्ता कोण?" असं ज्या आवाजात विचारायच्या, तो आवाज मला ऐकू आला. सगळ्या वहीत मी कुठेच कर्ता नव्हते. वारा होता, होडी होती, दुसऱ्याची होडी होती. 'चूक झाली' असं आपली भाषा फार सोयीने म्हणू देते.

मग नियम केला, कर्ता 'मी' असेल असंच वाक्य लिहायचं. लगेच वेगळ्या गोष्टी दिसू लागल्या. उदाहरणार्थ, 'वारा फिरला' याचं झालं 'वारा फिरला हे मी दोन मिनिटं उशिरा पाहिलं, कारण मी पुढच्या होडीकडे बघत होते.' याचा हिशेब मांडता येतो. वाऱ्याकडे तोंड करून जाणाऱ्या दोन होड्या एकमेकींपासून आडव्या १०० मीटरवर असतील आणि वारा १० अंश वळला, तर ज्या बाजूकडे वळला त्या बाजूच्या होडीला जवळजवळ २५ मीटरचा आयता फायदा होतो. तुम्ही कितीही झटून शीड ओढा, एवढं अंतर हाताच्या जोरावर कमावता येत नाही. म्हणजे बघायचं होतं वाऱ्याकडे, आणि मी बघत होते जिच्या मागे पडले होते तिच्याकडे. आणखी एक माझी लाडकी चूक. मागे पडले की सगळे डावीकडे जात असताना मुद्दाम एकटीने उजवीकडे जायचं, नशीब फळफळेल म्हणून. मटका खेळणाऱ्यांना आपण नावं ठेवायचो. वहीतल्या नोंदींप्रमाणे अकरा वेळा हा प्रकार केला, त्यात दोनदा फळला, आणि ते दोन दिवस मी नऊ जणांना सांगितले.

इथपर्यंतच्या चुका बोलायला सोप्या आहेत. त्या सांगितल्या की लोक हसतात आणि आपण नम्र ठरतो. पुढची तशी नाही.

मुलगी बारा वर्षांची झाली तेव्हा आम्ही दोघींनी मिळून एक जुनी एंटरप्राइज घेतली. दोघांनी चालवायची होडी, निळी शिडं. जॅक होल्टने १९५६ साली काढलेली जात, भारतातही पुष्कळ वर्षं चालते. मागे बसणारा सुकाणू आणि मोठं शीड धरतो, पुढचा लहान शीड सांभाळतो. मी मागे, ती पुढे. वेगवेगळ्या जातींच्या होड्या एकत्र शर्यत करतात तेव्हा प्रत्येक जातीला एक आकडा दिलेला असतो. लागलेल्या वेळेला हजाराने गुणून त्या आकड्याने भागायचं. समजा आमचा आकडा ११२० आणि आम्हाला लागली ६० मिनिटं. लेझरचा ११०० आणि तिला लागली ५९. हिशेब केला तर आम्ही ५३ मिनिटं ३४ सेकंद आणि लेझर ५३ मिनिटं ३८ सेकंद. मिनिटभर मागून येऊन चार सेकंदांनी जिंकलो. मला हे गणित इतकं आवडायचं की मी होडीत बसूनच मनातल्या मनात करायचे. एकेक सेकंद मोजायची सवय लागली ती अशी.

त्या उन्हाळ्यात मालिकेची शेवटची शर्यत होती. तिसरा नंबर मिळण्यासारखा होता. वळणाच्या बॉयला अगदी घासून वळले आणि आमची मागची बाजू त्याला लागली. हलकंच. बॉय डुलला. नियम असा की बॉयला स्पर्श झाला तर बाजूला होऊन होडीची एक पूर्ण गिरकी घ्यायची, मग पुढे जायचं. त्यात पंधरा-वीस सेकंद तरी जातात. क्लबच्या अशा शर्यतीत पाण्यावर शिट्टी घेऊन फिरणारा पंच नसतो. नियम मोडला तर ज्याने मोडला त्यानेच आपणहून शिक्षा घ्यायची. सगळा डोलारा त्यावर उभा आहे. जवळपास दुसरी होडी नव्हती.

मुलगी म्हणाली, "आई, लागला."

मी म्हणाले, "नाही लागला. लाट होती. शीड ओढ."

तिने शीड ओढलं. आम्ही तिसऱ्या आलो. वर्षाअखेरच्या जेवणाच्या वेळी मग मिळाला.

पुढच्या मार्चमधली गोष्ट. वारा बऱ्यापैकी होता, झुळुका जोरात येत होत्या. वारा पाठीमागून घेऊन जाताना शीड एका बाजूचं दुसऱ्या बाजूला न्यायचं असेल तर ते फटकन येतं, खालचा आडवा दांडा डोक्यावरून जातो. त्याला जाइब म्हणतात. म्हणून आधी मागच्याने विचारायचं, "तयार?" पुढच्याने पाय, दोऱ्या, डोकं बघून म्हणायचं, "तयार." मगच वळायचं. पहिल्या दिवशी पहिल्या तासाला हे शिकवतात. दोन होड्या आमच्या पुढे होत्या. मी विचारलं आणि वळले. दांडा गेला, होडी कलली, शीड सोडायला दोरी झटकली तर ती चापातून सुटेना, आणि आम्ही उलटलो.

मी वर आले. होडी आडवी पडलेली, शीड पाण्यावर पसरलेलं, आणि मुलगी नाही. मी हाक मारली. तो वेळ किती होता ते मला सांगता येणार नाही; काठावर बघणारी बाई म्हणाली, आठ-दहा सेकंद. मग ओल्या निळ्या कापडाखालून एक तळहात वर आलेला दिसला. कापड वर उचलून, शिवणीचा माग काढत काढत तो कडेकडे सरकत होता. मुलांच्या वर्गात त्यांना हे शिकवलं होतं, शीड डोक्यावर आलं तर हाताने वर ढकलायचं, हवेला जागा होते, आणि शिवण धरून बाहेर यायचं. मोठ्यांच्या वर्गात मीही ते शिकले होते. त्या क्षणी मला ते आठवलं नाही. मी नुसती हाका मारत होते. बचावाची मोटरबोट आली, होडी सरळ झाली, दोघी काठावर आलो. तिला खरचटलंही नव्हतं. गाडीत हीटर पूर्ण लावून घरी आलो. ती वाटेत काही बोलली नाही.

पुढच्या रविवारी तिची परीक्षा होती. त्याच्या पुढच्या रविवारी पोटात दुखत होतं. मग तिने कारणं सांगणंही सोडलं. मी ऑफिसात हा प्रसंग रंगवून सांगत होते: "काय झुळूक आली म्हणून सांगू!" वहीतही लिहिलं होतं, 'झुळकीने उलटलो.' माझ्याच नियमाचं मला भान राहिलं नव्हतं.

आमच्या कामात एक पद्धत आहे. रात्री यंत्रणा कोलमडली, ग्राहकांचे व्यवहार अडले, की दुसऱ्या दिवशी सगळे बसून घटनाक्रम लिहितात. कोणाला नावं ठेवायची नाहीत, पण मिनिटामिनिटाचं मांडायचं, आणि ज्या ज्या यंत्राचा संबंध आला त्या प्रत्येकाची नोंद काढून शेजारी शेजारी ठेवायची. एकाच यंत्राच्या नोंदीवर निष्कर्ष काढला तर आम्ही नव्या मुलांना रागावतो. एप्रिलमध्ये अशाच एका बैठकीत मी एका मुलाला हे सुनावत होते आणि बोलता बोलता अडखळले. त्या उलटण्याची नोंद माझ्याकडे एकच होती. माझी.

त्या रात्री मुलीला म्हटलं, मला तुझ्याकडून लिहून हवं आहे. काय झालं, ओळीने. मी वाचताना मध्ये बोलणार नाही. तिने दोन दिवस घेतले. फ्रीजवर चुंबकाने कागद लावून शाळेत गेली. सहा ओळी, इंग्रजीत. मराठीत सांगायच्या तर अशा:

आईने विचारलं, तयार?
मी म्हटलं, थांब, पाय दोरीत आहे.
आई वळली.
मला वाटलं तिला ऐकू गेलं नाही.
पाण्याखाली वाटलं, ती ऐकायला थांबलीच नव्हती.
बॉयच्या वेळीही असंच झालं होतं.

मी स्वयंपाकघरात उभी होते. कुकरच्या शिट्ट्या मोजायच्या राहिल्या, भात करपला.

नेटवर्कवर दोन यंत्रं बोलतात तेव्हा पाठवलेल्या निरोपाची पोच यावी लागते. पोच आली नाही तर थांबायचं, पुन्हा पाठवायचं. पोच आली असं गृहीत धरून पुढे जायचं नाही. वीस-बावीस वर्षं मी याच पोचेवर पोट भरते आहे. आणि होडीत माझं "तयार?" हे नुसतं तोंडाने म्हणायचं राहिलं होतं, 'शुभं करोति' म्हणताना लहानपणी आपण म्हणायचो तसं. उत्तर काय येतं याच्याशी त्याचा संबंध उरला नव्हता.

आणि तो चाप. जानेवारीतच मला माहीत होतं की तो वाकडा बसला आहे आणि दोरी ओढली तरी झटकन सुटत नाही. 'बघू पुढच्या आठवड्यात' असं वहीत लिहिलेलं सापडलं. दोन स्क्रू आणि वीस मिनिटांचं काम होतं. ते मी त्याच शनिवारी केलं. हे सगळ्यात सोपं होतं म्हणूनच आधी केलं, हेही मला कळत होतं.

मगाचं काय करायचं? मी तो पिशवीत घालून क्लबच्या सचिवांकडे गेले आणि सांगितलं की गेल्या वर्षी शेवटच्या शर्यतीत आम्ही बॉयला लागलो होतो आणि मी गिरकी घेतली नाही. त्यांना फार अवघडल्यासारखं झालं. म्हणाले, तक्रारीची मुदत त्याच संध्याकाळी संपली, निकाल आता बदलत नाही, मग ठेव. चौथ्या आलेल्या जोडप्याला मी स्वतः जाऊन सांगितलं. नवरा हसला आणि "होतं असं" म्हणाला. बायको हसली नाही. अजूनही ती माझ्याशी जेवढ्यास तेवढं बोलते, आणि तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही. मगात आता मी सुट्या पिना आणि स्क्रू ठेवते.

मुलगी लगेच परत आली, सगळं गोड झालं, असं काही नाही. ती त्या सबंध उन्हाळ्यात आली नाही. मी लेझरवर एकटीच जात राहिले. सप्टेंबरमध्ये एकदा ती जेवताना म्हणाली, "मी येईन. पण सुकाणू माझ्याकडे. तू पुढे बसायचं."

पुढे बसल्यावर मला पहिल्यांदा कळलं की तिथून मागच्याचा चेहरा दिसत नाही. नजर समोर, शिडावर. मागून येतो तो फक्त आवाज. तीन वर्षं ती माझ्या आवाजाकडे पाठ करून बसली होती आणि तो आवाज कसा होता ते मला माहीत होतं, कारण ऑफिसात तो मी वापरत नाही. माझ्या वडिलांचा आहे तो. वहीची पानं ज्यांच्यासाठी फाडली, त्यांचा.

तिच्या हाताखाली काम करणं सोपं नाही. ती रेषेवर फार उशिरा येते. मला सांगावंसं वाटतं, दात आवळून बसते, पाचात दोनदा तरी बोलून जातेच. मग ती म्हणते, "आई, पोच." म्हणजे, ऐकलं, आता गप्प. गेल्या वर्षी नऊ होड्यांत सातव्या आलो. एकदा तिनेही बॉयला होडी लावली, माझ्या खांद्याशीच. आजूबाजूला कोणी नव्हतं. पुढे चल, असं माझ्या तोंडावर आलेलं होतं, हे मी तुमच्यासमोर कबूल करते. तिने इंग्रजीत एक शब्द उच्चारला, जो मी स्मरणिकेत छापायला देणार नाही, आणि विचारलं, "तयार?" मी पाय पाहिला, दोरी पाहिली, "तयार" म्हटलं. गिरकी घेतली. दोन होड्या पुढे निघून गेल्या.

पुढच्या वर्षी ती कॉलेजला दुसऱ्या गावी जाईल. मग मला नवा जोडीदार शोधावा लागेल. क्लबात माझी ख्याती बघता ते सोपं जाणार नाही.

मागच्या रांगेतल्या आपल्या मित्राला मी आत्ताच जेवणाच्या रांगेत विचारून आले आहे. त्याचे आजोबा खाडीच्या तोंडाशी शीड कसं फिरवायचे, ते त्याने लहानपणी पाहिलेलं आहे. उद्या सकाळी सहाला तो मला होडीतून तिथे घेऊन जाणार आहे, ओहोटी लागायच्या आत. सुकाणू मात्र देणार नाही म्हणाला. सहा म्हणजे सहा, उशीर झाला तर थांबणार नाही, असंही म्हणाला.

मी म्हटलं, "पोच."